कळसूबाई ‘मारली’ म्हणे!

ट्रेकर लोकांची एक भाषा असते. "राजमाची मारली का रे?" "हरिश्चंद्रगड आपण पाच वेळा मारलाय." "या शनिवारी कळसूबाई मारू, चल." सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये चहाच्या रांगेत उभं राहिलं की हे ‘मारणं’ हमखास कानावर पडतं. गडाच्या बाबतीत मी एक वेळ समजू शकतो. गड बांधलेच मुळी लढण्यासाठी. गड घेणं, गड देणं, गड सर करणं ही त्याचीच भाषा आहे. पण कळसूबाई हा गड नाही हो. तिथे तटबंदी नाही, बुरूज नाही, दारूकोठार नाही. तिथे एक बाई राहते. आणि आपण छाती फुगवून सांगतो की काल आम्ही ती मारली!

हे कुणाच्या कानाला खटकत नाही, हाच आजचा विषय.

आधी माहिती, कारण दोनदा जाऊन आलेल्यांनाही ती नसते. कळसूबाईची उंची 1646 मीटर, म्हणजे सुमारे 5400 फूट. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. नगर जिल्ह्याच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) अकोले तालुक्यात, नाशिकच्या इगतपुरी तालुक्याच्या हद्दीला लागून. पायथ्याला बारी आणि जहागीरदारवाडी. वाटेत कड्यावर लोखंडी शिड्या, आणि माथ्यावर शेंदरी रंगाचं एक छोटंसं देऊळ, इतकं छोटं की चार माणसं आत शिरली तर पाचवा बाहेर. इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. ‘महाराष्ट्राचं एव्हरेस्ट’ हे बिरुदही ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते एवढंच की ही बाई कोण.

तर ही बाई महादेव कोळ्यांची. समुद्रावरचे कोळी वेगळे, हे सह्याद्रीच्या डोंगरातले आदिवासी. अकोले, जुन्नर, आंबेगाव, इगतपुरी हा त्यांचा मुलूख. गोष्ट अशी सांगतात की कळसू नावाची एक कोळ्याची पोर होती, रानात भटकायची आवड असलेली. ती फिरत फिरत पायथ्याच्या इंदोरे गावात आली आणि एका घरी कामाला राहिली. पण कामाला राहताना तिने अट घातली. मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बाकी सांगाल ते काम करीन. घरच्यांनी मान्य केलं, दिवस बरे चालले होते. एक दिवस घरी पाहुणे आले, कामाची गडबड उडाली आणि कुणीतरी तिला भांडी घासायला सांगितली. तिने ती घासली. आणि घासून झाल्यावर सरळ डोंगर चढून गेली ती परत आलीच नाही. जिथे थांबून तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात आणि जिथे ती कायमची राहिली ते शिखर म्हणजे कळसूबाई. ब्रिटिशांच्या गॅझेटिअरमध्येसुद्धा ही गोष्ट नोंदलेली आहे. रतनगडची रत्नाबाई आणि पलीकडची कात्राबाई या तिच्या बहिणी, असंही सांगतात.

मला ही गोष्ट फार आवडते. आपल्याकडे देवी म्हटली की हातात शस्त्र, पायाखाली राक्षस. इथे राक्षस नाही, युद्ध नाही. एका कामवाल्या पोरीने ठरलेली अट मोडली म्हणून काम सोडलं, बस्स. आमच्या भाषेत सांगायचं तर ऑफर लेटरमध्ये नसलेलं काम गळ्यात मारलं म्हणून नोटीस पीरियडसुद्धा न भरता राजीनामा! आणि ज्या लोकांनी तिला देव केलं त्यांनी तिच्यातला नेमका कुठला गुण पुजला बघा. "दुसऱ्याची उष्टी मी काढणार नाही." ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची कामं आली त्यांनी आपल्या मुलखातली सगळ्यांत उंच जागा या वाक्याला दिली.

आता जुलै-ऑगस्टमधल्या कुठल्याही रविवारी तिच्या माथ्यावर जा.

पुण्याहून, मुंबईहून शनिवारी रात्री बसेस सुटतात. मध्यरात्रीनंतर एकामागून एक बारीत पोचतात. गाव झोपलेलं. बसमधून उतरून पन्नास-पन्नास पोरंपोरी अंगणांसमोर उभं राहून नावं पुकारतात, शिट्ट्या मारतात, हेडटॉर्च एकमेकांच्या डोळ्यांवर मारून हसतात. मग सूर्योदय गाठायला चढाई. शिड्यांपाशी रांग, रांगेत ढकलाढकली, कुणाच्या सॅकला लटकवलेला ब्लूटूथ स्पीकर ठणाणा वाजतोय. वर पोचल्यावर देवळाच्या भिंतीला टेकून फोटो, देवळाच्या पायरीवर बूट, देवळावरून ड्रोन. केक कापणं ही नवी फॅशन. 1646 मीटरवर वाढदिवस! आणि मग त्या केकचा खोका, मॅगीच्या प्लेटा, चहाचे कप, पाण्याच्या बाटल्या.

म्हणजे जी बाई दुसऱ्याची खरकटी काढायला नको म्हणून डोंगरावर जाऊन राहिली, तिच्या दारात आपण आपली खरकटी ठेवून येतो. आणि दुसऱ्या दिवशी ती काढायला चढतं कोण? तिच्याच गावातली माणसं. ही गोष्ट माहीत असलेल्या कुणालाही यातला उपरोध समजावून सांगावा लागणार नाही. आणि माहीत नसलेल्यांना फक्त ‘कचरा’ दिसतो.

इथे लगेच कुणीतरी म्हणणार, की बघ, मुद्दा कचऱ्याचा आहे, आम्ही तर स्वच्छता मोहीम काढतो. काढा, जरूर काढा, पोती भरून प्लास्टिक खाली आणणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण मुद्दा कचऱ्याचा नाही. समजा उद्या एकही माणूस एकही कागद टाकणार नाही असं झालं, तरी माझा प्रश्न शिल्लक राहतोच. घर कुणाचं आहे, आणि घरात कधी यायचं, किती जणांनी यायचं, काय करायचं हे ठरवणार कोण? पाहुण्याने ताट धुऊन ठेवलं म्हणून तो यजमान होत नाही.

आता तुम्ही विचाराल, हिंगोलीच्या माणसाला अकोल्यातल्या डोंगराचं एवढं काय पडलंय? रास्त प्रश्न आहे. मी हे लिहितोय ते कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून. हल्ली महिन्यातले काही दिवस घरून काम चालतं, म्हणून गावी आलोय. आमचा हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला, आणि अजूनही पुण्यात नाव सांगितलं की समोरचा विचारतो, "नांदेडजवळ का?" आमच्याकडे ट्रेकिंगला काही नाही. अजिंठ्याच्या रांगेचे इथवर पोचता पोचता दमलेले बुटके डोंगर आहेत. पण आदिवासी आहेत. कळमनुरी, औंढा भागात आंध जमात मोठी आहे, कळमनुरीत आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालयच आहे. माझ्या शाळेत वर्गात कितीतरी आंध पोरं होती. मी स्वतः आदिवासी नाही, पण त्यांच्या शेजारी बसून मोठा झालो.

आणि त्या वर्गात बसून मी एक गोष्ट पाहिली आहे जी कळसूबाईच्या बाबतीत जशीच्या तशी लागू पडते. आंध लोक मराठी बोलतात. आपल्यासारखंच धोतर, लुगडं, पँट-शर्ट घालतात. त्यामुळे बाहेरचा माणूस हमखास म्हणतो, "हे कुठे आदिवासी वाटतात?" म्हणजे डोक्यात पिसं खोचलेली नसतील, समजणार नाही अशी भाषा नसेल, तर माणूस आदिवासी म्हणून नापास! महादेव कोळ्यांचंही तेच. त्यांची भाषा मराठीची बोली, त्यांच्या देवीला कुंकू लागतं, नारळ चालतो, नवरात्रात जत्रा भरते. पुण्याचा ट्रेकर वर जातो, घंटा वाजवतो, ओळखीची घंटा, ओळखीचं कुंकू. त्याला वाटतं, अरे, हे तर आपलंच! त्याला आपण दुसऱ्याच्या घरात आलोय हे कळायला वावच मिळत नाही. ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत निदान भाषा आणि चेहरा आडवा येतो. इथे मराठीने सगळं गुळगुळीत करून ठेवलंय.

"आम्हीही नमस्कार करतोच की" हा युक्तिवाद म्हणूनच मला पटत नाही. नमस्कार करा, कोण नको म्हणतंय? पण नमस्कार केल्याने सातबारा नावावर होत नाही. महादेव कोळ्यांच्या वर्षात एक वाघबारस येते. वसुबारसेच्या दिवशी आपण गाय-वासरू पुजतो, तेव्हा ते वाघोबाला पुजतात, की बाबा रे, आमच्या गुरांना, आमच्या गुराख्यांना सांभाळ. किती ट्रेकर्सनी हे ऐकलंय? ‘आपलंच’ असतं तर ऐकलं असतं ना.

आता बाकीचे आक्षेप एकेक घेतो.

पहिला, नेहमीचा, "डोंगर सगळ्यांचा आहे, सरकारी आहे."

सरकारी कधी झाला? 1878 चा वनकायदा आणि मग 1927 चा वनकायदा, यांच्या शिक्क्याने. त्याच्या आधी तिथे माणसं नव्हती का? याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे, महादेव कोळी. सावकार आणि इंग्रज यांच्याविरुद्ध याच डोंगरांतून लढले आणि 2 मे 1848 रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. 1857 च्या नऊ वर्षं आधी! शाळेत मला हे नाव एकदाही भेटलं नाही, तुम्हालाही भेटलं नसेल. त्यानंतर याच मुलखात 1910 मध्ये भंडारदऱ्याच्या धरणाचं काम सुरू झालं आणि 1926 ला संपलं. प्रवरेचं पाणी डोंगरात अडलं आणि खालच्या तालुक्यांत ऊस झाला, त्या उसावर साखर कारखाने उभे राहिले. मग 1986 मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य झालं. आता गंमत ऐका. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 यातलं कलम 28 सांगतं की पर्यटनासाठी अभयारण्यात प्रवेशाचा परवाना देता येतो. लगेच पुढचं कलम 29 सांगतं की परवानगीशिवाय अभयारण्यातून वनउपज नेता येत नाही. म्हणजे सेल्फी काढायला आलेला मी ‘पर्यटक’, आणि पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करून पोट भरणारा तिथला माणूस ‘गुन्हेगार’ ठरू शकत होता. 2006 च्या वनहक्क कायद्याने अभयारण्यातही या लोकांचे हक्क मान्य केले तेव्हा कुठे कागदावर तरी हिशोब थोडा जुळला. तेव्हा "सगळ्यांचा डोंगर" म्हणताना जरा सांभाळून. पाणी सगळ्यांचं, दृश्य सगळ्यांचं, शिखर सगळ्यांचं. किंमत मात्र एकट्यांची, असं चाललंय.

दुसरा आक्षेप, "आमच्यामुळेच तर त्यांची पोटं भरतात."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. मागच्या खेपेला मी माणशी तेराशे रुपये भरून एका ग्रुपबरोबर गेलो होतो. बारीत सकाळचे पोहे-चहा आणि दुपारची पिठलं-भाकरी मिळाली. भाकरी थापणाऱ्या मावशींना विचारलं तर दोन्ही मिळून माणशी दीडशे मिळतात म्हणाल्या. बाकीचे पैसे डिझेल, ‘ट्रेक लीडर’ आणि टी-शर्ट यांत गेले. त्या टी-शर्टवर छापलं होतं, ‘कळसूबाई विजेता’. असो. पण समजा पूर्ण तेराशे गावात गेले असते, तरी काय? खानावळीत जेवलो म्हणून मला तिच्या माजघरात शिरून नाचायचा हक्क मिळतो का? गिऱ्हाईक आणि मालक यांतला फरक आपल्याला आपल्या क्लायंटच्या बाबतीत बरोबर कळतो. रात्री अकराला कॉल लावणाऱ्या क्लायंटला आपण मनातल्या मनात काय काय म्हणतो ते आठवा. बारीच्या माणसासाठी तो क्लायंट आपण आहोत.

वाटेत एका टपरीवर लिंबू सरबत घेताना मी दुकानवाल्या मामांना विचारलं होतं, गर्दीचा त्रास नाही का होत? ते म्हणाले, "धंदा व्हतो, खोटं कशाला बोलू. पन लोकं वर जात्यात, खाली येत्यात. बाय कोन हाय, कुनाची हाय, येकबी इचारत नाय." तक्रारीचा सूर नव्हता. भाव सांगावा तसं सांगितलं.

तिसरा आक्षेप जरा शहाण्या लोकांचा असतो. "मग काय, बंद करायचं का चढणं? उलुरूसारखं?"

उलुरूची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण हा आक्षेप घेणारे ती अर्धीच सांगतात. ऑस्ट्रेलियाच्या ऐन मध्यावर 348 मीटर उंचीचा एक अवाढव्य तांबडा खडक आहे, उलुरू. तो अनांगू या आदिवासींचा पवित्र खडक. गोऱ्या पर्यटकांनी तो चढायचा सपाटा लावला, साखळदंड ठोकले. चढताना तीसहून अधिक माणसं मेली. 26 ऑक्टोबर 1985 रोजी सरकारने ती जमीन अनांगूंच्या नावावर परत केली, पण चढणं चालूच राहिलं. अनांगू काय करत होते? पायथ्याशी पाटी लावून विनंती करत होते की कृपा करून चढू नका. वर्षानुवर्षं लाखो लोक ती पाटी वाचून चढत होते. शेवटी 2017 मध्ये उद्यानाच्या मंडळाने, ज्यात अनांगूंचं बहुमत होतं, ठरवलं की बास. 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई बंद. आणि शेवटच्या दिवसांत काय झालं? बंद व्हायच्या आत एकदा ‘मारून’ येऊ म्हणून खडकावर मुंग्यांसारखी रांग लागली. माणूस इथूनतिथून सारखाच.

पण यातली कळीची गोष्ट बंदी नाही. बंदी हा अनांगूंचा निर्णय होता, ही कळीची गोष्ट. त्यांच्या श्रद्धेत त्या वाटेने चढणं योग्य नव्हतं. महादेव कोळी तर स्वतःच कळसूबाई चढतात. नवरात्रात बायाबापड्या, पोरंसोरं, म्हातारी माणसं रात्रीबेरात्री दर्शनाला वर जातात. त्यांच्या श्रद्धेत चढणं निषिद्ध नाही. तेव्हा उलुरूची बंदी उचलून बारीत आणून चिकटवणं हा दुसऱ्या टोकाचा आगाऊपणा झाला. अमेरिकेत वायोमिंगमध्ये डेव्हिल्स टॉवर नावाचा सुळका आहे, तिथल्या मूळ जमातींचं पवित्र स्थान. तिथे 1995 पासून गिर्यारोहकांना फक्त विनंती केली जाते की जून महिन्यात चढू नका, कारण त्या महिन्यात तिथे या जमातींचे विधी असतात. बाकीचे अकरा महिने मोकळे. ही तिथली रीत. बारीची रीत काय असावी? मला नाही ठरवायचं. पुण्यातल्या कुठल्याही ट्रेकिंग क्लबनेही नाही ठरवायचं, आणि मंत्रालयात बसून ‘पर्यटन विकास आराखडा’ काढणाऱ्यांनीही नाही.

कुणी ठरवायचं ते कायद्यातच लिहिलंय. अकोले तालुक्याचा आदिवासी भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे आणि महाराष्ट्राने त्याचे नियमही 2014 मध्ये केले. पेसा म्हणतो की आपल्या परंपरा, आपली सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक संसाधनं जपायला ग्रामसभा सक्षम आहे. वनहक्क कायद्याचं कलम 5 म्हणतं की आपल्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला बाधा आणणारी कृत्यं रोखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. आणि हे नुसतं पुस्तकी नाही. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरात बॉक्साइटची खाण होणार होती. तो डोंगर म्हणजे डोंगरिया कोंध लोकांचा देव. सुप्रीम कोर्टाने 18 एप्रिल 2013 रोजी सांगितलं की या लोकांच्या धार्मिक हक्कांचा विचार ग्रामसभेत होऊ द्या. 12 गावांत ग्रामसभा भरल्या. बाराच्या बारा गावांनी ‘नाही’ म्हटलं. खाण झाली नाही. अब्जावधींच्या प्रकल्पाला जर ग्रामसभेला विचारावं लागतं, तर रविवारच्या केक कापणाऱ्यांना विचारायला काय हरकत आहे?

आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो, राहवत नाही म्हणून. कुणी तुम्हाला त्याच्या सर्व्हरवर गेस्ट लॉगिन दिलं, म्हणजे तुम्ही ॲडमिन झालात असं नाही. एका वेळी किती जण जोडलेले चालतील, कुठली फोल्डर बघता येतील, रात्री देखभालीसाठी सर्व्हर कधी बंद राहील, हे ज्याचा सर्व्हर तो ठरवतो. लोड वाढला की तो मर्यादा घालतो आणि आपण निमूट ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ वाचून थांबतो. तिथे कुणी ओरडत नाही की इंटरनेट सगळ्यांचं आहे! मग डोंगर चढतानाच आपल्याला अचानक समाजवाद का आठवतो?

माझ्या मते आपल्यासारख्या बाहेरच्यांनी चार गोष्टी आजपासून, कुणी सांगायची वाट न बघता कराव्यात.

एक, ‘मारली’, ‘सर केली’, ‘विजेता’ ही भाषा बंद. ‘जाऊन आलो’ म्हणा. काही बिघडत नाही, कॅलरी तेवढ्याच जळतात.

दोन, ग्रुप काढणाऱ्यांनी निघायच्या आधी बारीत कुणाला तरी विचारावं, की या रविवारी किती जण आणू? कधी पोचू? आणि गावाने नाही म्हटलं तर तारीख बदलावी. हॉटेलात टेबल बुक करताना आपण विचारतोच ना.

तीन, नवरात्राचे नऊ दिवस त्यांचे. जायचं तर भाविक म्हणून जा, शिडीवर त्यांच्या म्हाताऱ्यांना आधी वाट द्या, स्पीकर आणि ड्रोन घरी ठेवा.

चार, पैसे जास्तीत जास्त गावात पोचतील असे खर्च करा. वाटाड्या गावातला घ्या, जेवण गावात, मुक्काम गावात. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली, त्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याही महादेव कोळीच. त्या मुलखातल्या माणसांकडे आपल्याला शिकवायला बरंच आहे. पुण्याहून पाकीटबंद पोहे घेऊन जाण्याची गरज नाही.

आणि पाचवी गोष्ट सरकारसाठी. ग्रामसभेला विचारल्याशिवाय त्या डोंगरावर नवी शिडी नको, नवा मनोरा नको, कसलाही ‘महोत्सव’ नको. जिथे प्रवेशाचे पैसे घेतले जातात तिथे ते ग्रामसभेच्या खात्यात जावेत आणि हिशोब गावाच्या फळ्यावर लागावा.

हे सगळं म्हटल्यावरसुद्धा एक शक्यता उरते, आणि ती मोकळेपणाने सांगतो. उद्या बारीच्या ग्रामसभेने ठरवलं की आम्हाला गर्दी चालते, स्पीकर चालतो, केकही चालतो, आमच्या पोरांना रोजगार हवाय, येऊ द्या किती येतात ते. तर? तर माझा आक्षेप तिथेच संपला. मी नाक मुरडीन, पण गप्प बसेन. आदिवासींनी आपल्या मनातल्या चित्रासारखं पवित्र आणि गरीब राहावं, असा हट्ट धरणारे लोक मला स्पीकरवाल्यांपेक्षा कमी डोकेदुखीचे वाटत नाहीत. तिथल्या तरुण पोराला हॉटेल काढायचं असेल तर त्याने का काढू नये? माझं भांडण निर्णय काय होतो याच्याशी नाही. निर्णय घेताना त्यांना खोलीबाहेर उभं करतात, त्याच्याशी आहे.

आमच्या हिंगोलीत या बाबतीत एक फार जुनी गोष्ट सांगतात. नर्सी गावचे नामदेव महाराज औंढ्याच्या नागनाथासमोर कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी हटकलं, की तू इथून ऊठ, मागे जा. नामदेव देवळाच्या मागे जाऊन बसले, तिथे कीर्तन सुरू केलं, आणि देऊळ गर्रकन फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. औंढ्यात नंदी देवळाच्या मागे आहे, तो का, हे लहान पोरालाही विचारा, तो हीच गोष्ट सांगेल. खरं-खोटं ज्याचं त्याने ठरवावं. पण गोष्टीतला न्याय स्पष्ट आहे. ज्याला मागे ढकललं, देव त्याच्याकडे तोंड करतो.

कळसूबाईच्या माथ्यावर उभं राहून चहूबाजूंना कॅमेरा फिरवणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की ती बाई या घडीला कुणाकडे तोंड करून उभी असेल असं तुम्हाला वाटतं? एका घराने ठरलेली अट मोडली तेव्हा तिने काय केलं ते आपल्याला माहीत आहे. त्या घरच्यांना निदान अट ठाऊक तरी होती. आपण तर अजून विचारलेलीही नाही.

या शनिवारी जाणार असाल तर जा, पावसाने डोंगर सुंदर झाला असेल. बारीत उतरलात की आधी कुणालातरी विचारा, मामा, बाय कुणाची? आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा. बस लेट झाली तर होऊ द्या.